आधी स्विच, मग केबल, कार्ड शेवटी

प्रश्न : पुण्यात आमचा छोटा व्हिडिओ संपादनाचा स्टुडिओ आहे. चार संपादक एकाच सर्व्हरवरच्या फूटेजवर काम करतात. स्विच १० गिगाबिटचा आहे. त्याला बारा पोर्ट साध्या आरजे-४५ केबलचे आणि चार एसएफपी प्लसचे. सर्व्हर मात्र वापरलेला, जुना, आणि त्याची जोडणी अजून १ गिगाबिटचीच. विक्रेता म्हणतो, "सरळ २५ गिगाबिटचं कार्ड घ्या, सगळं सगळ्याला चालतं." खरंच चालतं का? आणि कार्ड कोणतं घ्यावं?

उत्तर : चालतं, पण विक्रेता म्हणतो तसं नाही. २५ गिगाबिटचं कार्ड तुमच्या स्विचला लावलं तर ते १० गिगाबिटनेच चालेल. तेवढं समजून घेणार असाल तर बेलाशक घ्या. मीही तेच सुचवणार आहे, फक्त कारणं वेगळी आहेत.

"कार्ड कोणतं?" हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते तो शेवटचा. कार्डाला चार जणांशी जुळवून घ्यायचं असतं : स्विचचा पोर्ट, मधली केबल, सर्व्हरमधला स्लॉट आणि ऑपरेटिंग सिस्टिम. यातल्या तीन गोष्टी तुमच्या घरात आधीच बसलेल्या आहेत आणि बदलायला महाग आहेत. तेव्हा त्यांना विचारून कार्ड ठरवायचं. बाजारात नेमकं उलटं होतं. सवलतीत मिळालं म्हणून कार्ड आधी येतं आणि मग त्याच्या जोडीला केबल, मॉड्यूल, शेवटी स्विचसुद्धा शोधत फिरावं लागतं.

त्याआधी गरजेचा हिशोब. प्रोरेस ४२२ एचक्यू या स्वरूपातलं ४के फूटेज, ३८४० गुणिले २१६० आकाराचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं, सुमारे ७३७ मेगाबिट प्रतिसेकंद एवढा प्रवाह मागतं. म्हणजे आजच्या १ गिगाबिटच्या जोडणीवर जेमतेम एकाच संपादकाचा एकच थर धावतो. चौघांनी टाइमलाइनवर तीन-तीन थर लावले तर बारा प्रवाह होतात, म्हणजे जवळजवळ ८.८ गिगाबिट. १० गिगाबिटची एक जोडणी इथे काठोकाठ भरते. दोन असल्या तर निर्धास्त.

मात्र सर्व्हरमध्ये फिरत्या हार्ड डिस्क असतील तर नेटवर्कआधी त्याच धापा टाकतील. एक डिस्क सलग वाचनात सेकंदाला २०० ते २५० मेगाबाइट देते. आठ डिस्कची बेरीज कागदावर १३ ते १६ गिगाबिट होते खरी, पण चार माणसं चार वेगळ्या फायली मागायला लागली की डिस्कचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं आणि ती बेरीज झपाट्याने कोसळते. एनव्हीएमई ड्राइव्हची गोष्ट वेगळी. पीसीआय-एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा एक चांगला ड्राइव्ह एकटाच २५ गिगाबिटची जोडणी भरून टाकू शकतो. त्यामुळे डिस्क न पाहता २५ गिगाबिटवर पैसे घालू नका.

आता स्विचचा पोर्ट. एसएफपी प्लस म्हणजे १० गिगाबिट. त्याच आकाराचा, त्याच तोंडाचा एसएफपी२८ म्हणजे २५ गिगाबिट. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, घोटाळा तिथेच होतो. २५ गिगाबिटची बहुतेक कार्डं १० वर उतरू शकतात. इंटेलचं एक्सएक्सव्ही७१० किंवा मेलानॉक्सचं कनेक्टएक्स-४ एलएक्स ही त्यांतली नेहमी दिसणारी दोन. पण तुमचा एसएफपी प्लस पोर्ट २५ वर कधीही चढणार नाही. आणि कार्ड उतरतं म्हणून मॉड्यूलही उतरेल असं समजू नका. फक्त २५ साठी बनवलेलं ऑप्टिकल मॉड्यूल घेऊन ठेवाल, तर ते १० गिगाबिटच्या पोर्टात नुसतं बसून राहील. दोन्ही वेगांचं म्हणून विकलं जाणारं मॉड्यूल वेगळं असतं आणि ते तसं मागून घ्यावं लागतं. आज १० लागणार, तर केबल १० चीच घ्या.

क्यूएसएफपी या रुंद पोर्टाच्या फंदात तुम्ही पडू नका. तरी स्वस्त जुनी ४० गिगाबिटची कार्डं तुम्हाला कोणीतरी दाखवेलच, म्हणून सांगतो. ४० गिगाबिट म्हणजे १० च्या चार वाहिन्या आणि १०० गिगाबिट म्हणजे २५ च्या चार. २५ ची एक वाहिनी सुटी वापरावी ही कल्पना पुढे रेटली ती २०१४ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, ब्रॉडकॉम, अरिस्टा आणि मेलानॉक्स यांनी एकत्र येऊन. आयट्रिपलईचं मानक २०१६ मध्ये आलं. तेव्हापासून ४० गिगाबिट ही पुढे न जाणारी गल्ली झाली आहे. म्हणूनच ती कार्डं स्वस्त मिळतात.

केबलबद्दल माझं मत पक्कं आहे. सर्व्हर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर डीएसी घ्यावी, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर जोडूनच आलेली तांब्याची केबल. १० गिगाबिटला तीन मीटरची साधी डीएसी काहीही कुरकुर न करता चालते. तिला वीज जवळपास लागत नाही, ती तापत नाही आणि ऑप्टिकल मॉड्यूलच्या जोडीपेक्षा स्वस्त पडते. सर्व्हर दुसऱ्या खोलीत असेल तर फायबर. ओएम३ प्रकारच्या फायबरवर १० गिगाबिटचं एसआर मॉड्यूल ३०० मीटरपर्यंत जातं, म्हणजे तुमच्या अख्ख्या इमारतीला पुरून उरेल.

"स्विचला आरजे-४५ चे बारा पोर्ट आहेतच, सर्व्हरलाही तसलंच कार्ड का नको?" असं तुम्ही विचाराल. घेता येईल. १०जीबेस-टी हे मानक २००६ पासून आहे. कॅट-६ए केबलवर ते १०० मीटर जातं, कॅट-६ वर सुमारे ५५. भिंतीतून केबल आधीच ओढलेली असेल तर त्यासारखं सोयीचं काही नाही. फक्त हे कार्ड वीज जास्त खातं आणि तापतं. शिवाय तुमचे एसएफपी प्लसचे चार पोर्ट मोकळे पडून आहेत. ते सर्व्हरला द्या आणि आरजे-४५ संपादकांच्या टेबलांसाठी राखा. एसएफपी प्लसमध्ये बसणारं आरजे-४५ चं मॉड्यूलही मिळतं. ते हाताला चटका बसेल इतकं तापतं आणि बरीचशी अशी मॉड्यूल ३० मीटरच्या पुढे हमी देत नाहीत. मी ते अगदी नाइलाज असेल तरच वापरेन.

मग स्लॉट. इथे झाकण उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. पीसीआय-एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत एक लेन सुमारे ७.९ गिगाबिट वाहून नेते. आठ लेनचा स्लॉट ६३. त्यातला थोडा भाग पाकिटांच्या वेष्टनात जातो, तरी २५ चे दोन पोर्ट त्यात मावतात. दुसऱ्या पिढीत हेच गणित अर्ध्यावर येतं : आठ लेनचे ३२ गिगाबिट आणि चार लेनचे १६. आता फसवा भाग असा की, स्लॉटची लांबी आणि त्याला खरोखर जोडलेल्या लेन यांचा संबंध असेलच असं नाही. सोळा लेनचा दिसणारा लांबलचक स्लॉट आतून आठ किंवा चारच लेनचा असू शकतो. कार्ड व्यवस्थित बसेल, दिवे लागतील, फक्त वेग अर्धा राहील. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा तपशिलासकट चालवली की कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष मिळालेल्या लेन अशा दोन ओळी एकाखाली एक दिसतात. त्या दोन्ही सारख्या हव्यात.

वापरलेला माल घेताना कार्डाचा आकारही पाहा. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन "सर्व्हर कार्ड" म्हणून जे दिसतं, त्यातली बरीच पीसीआय-एक्सप्रेसच्या साध्या स्लॉटात बसतच नाहीत. डेलची डॉटर कार्डं, एचपीची फ्लेक्सिबल-लॉम, ओसीपीची मेझनाइन कार्डं यांची ठेवणच वेगळी. ती त्यांच्याच जातीच्या सर्व्हरमध्ये बसतात. फोटोत सोनेरी कडेची लांब पट्टी खालच्या बाजूला दिसली पाहिजे. मागची पत्र्याची पट्टीही विचारून घ्या. दोन-यू सर्व्हरला बहुधा आखूड लागते आणि विक्रेता हटकून उंच पाठवतो. ही कार्डं पंख्याच्या जोरदार वाऱ्यात राहायला बनवलेली असतात. तुमच्या रॅकच्या सर्व्हरमध्ये काही अडचण नाही, पण तेच कार्ड उद्या एखाद्या संपादकाच्या शांत टॉवरमध्ये घातलंत, तर त्याच्या उष्णताशोषकावर छोटा पंखा बसवावा लागेल.

राहिली ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सला इंटेल आणि मेलानॉक्स दोन्ही सरळ ओळखू येतात. व्हीएमवेअर असेल तर मात्र सुसंगततेची अधिकृत यादी पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. कनेक्टएक्स-३ ही कार्डं वर्षानुवर्षं मजेत चालत होती. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ८.० मध्ये त्यांचा ड्रायव्हरच काढून टाकला आणि अद्ययावत केल्यावर सर्व्हरचं नेटवर्क कार्डच नाहीसं व्हायला लागलं. वापरलेल्या बाजारात कनेक्टएक्स-३ कवडीमोलाने मिळतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

तेव्हा तुमच्यासाठी : दोन पोर्टचं १० आणि २५ दोन्ही वेगांचं कार्ड, तिसऱ्या पिढीच्या आठ लेनच्या स्लॉटात. आज १० गिगाबिटच्या दोन डीएसी, दोन्ही स्विचच्या एसएफपी प्लस पोर्टांत आणि त्यांची एलएसीपीने बांधलेली जोडी. या जोडीबद्दल भ्रम नको. एका संपादकाची एक फाइल दोन्ही तारांवरून वाटून जात नाही. ती एकाच तारेने जाते, म्हणजे कमाल १० गिगाबिट. पण चौघांची वाहतूक दोन तारांवर विभागली जाते आणि तुम्हाला तेच हवं आहे. पुढे स्विच बदलाल तेव्हा कार्ड तेच राहील, केबल बदलेल. २५ गिगाबिटचं कार्ड आज घेण्याचं समर्थन एवढंच. वापरलेल्या बाजारात ते नुसत्या १० च्या कार्डापेक्षा फार महाग मिळत असेल, तर माझा सल्ला मागे.

प्रश्न : इंटेलच्या एक्स५२० कार्डात दुसऱ्या कंपनीचं एसएफपी प्लस ऑप्टिकल मॉड्यूल घातलं, तर लिनक्स म्हणतं "असमर्थित मॉड्यूल" आणि पोर्टच बंद ठेवतं. तेच मॉड्यूल स्विचमध्ये नीट चालतं. मॉड्यूल खराब आहे का? (नागपूरहून)

उत्तर : मॉड्यूल ठणठणीत आहे, कार्डाने त्याला ओळखपत्र विचारलं आहे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी स्मृतिचिप असते आणि तिच्यात उत्पादकाचं नाव, भाग क्रमांक, प्रकार, अंतर असं सगळं लिहिलेलं असतं. मॉड्यूल आत गेलं की यंत्र आधी ते वाचतं. नाव पसंत पडलं नाही तर लेझर सुरूच करत नाही. कंपन्या याला दर्जाची काळजी म्हणतात. तशी ती थोडीफार आहेही, पण स्वतःचं मॉड्यूल कित्येक पट किमतीला विकण्याची सोय म्हणूनच ती जास्त उपयोगी पडते, असं मला वाटतं.

एक्स५२० साठी लिनक्सच्या आयएक्सजीबीई ड्रायव्हरला "अलाउ अनसपोर्टेड एसएफपी" नावाचा पर्याय आहे. त्याची किंमत १ ठेवून ड्रायव्हर पुन्हा चढवला की तो कुरकुरत का होईना मॉड्यूल स्वीकारतो. सिस्को स्विचच्या बाजूलाही अशीच "सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर" ही आज्ञा आहे. दोन्ही ठिकाणी जबाबदारी तुमची. उद्या काही बिघडलं तर कंपनीचा माणूस पहिलं बोट त्या मॉड्यूलकडेच दाखवणार.

याहून सोपी वाट म्हणजे डीएसी. मानकाप्रमाणे बनवलेली निष्क्रिय डीएसी एक्स५२० ला कुठल्याही कंपनीची चालते. तसं इंटेलने ड्रायव्हरसोबतच्या टिपणात लिहूनच ठेवलं आहे. कार्डाचा हट्ट आहे तो ऑप्टिकल मॉड्यूलबाबत.

आणि एक गैरसमज या निमित्ताने काढून टाकू. दोन्ही टोकांना एकाच कंपनीची मॉड्यूल लागत नाहीत. प्रकाशाला कंपनी नसते. कार्डाच्या बाजूला कार्डाला आवडणारं आणि स्विचच्या बाजूला स्विचला आवडणारं मॉड्यूल लावा. जुळायला हवा तो फक्त प्रकार. एसआरसमोर एसआर, म्हणजे ८५० नॅनोमीटरसमोर ८५० आणि मल्टिमोड फायबर. एलआरसमोर एलआर, १३१० नॅनोमीटर आणि सिंगलमोड. डीएसीची दोन्ही टोकं एकाच तारेला पक्की असल्यामुळे तिथे ही मुभा नाही. म्हणून चांगला विक्रेता विचारतो, "एक टोक कशात, दुसरं कशात?" आणि त्याप्रमाणे दोन टोकांवर दोन वेगळी नावं लिहून देतो. हा प्रश्न न विचारणाऱ्या विक्रेत्याकडून डीएसी घेऊ नये.

प्रश्न : मी बेंगळुरूत एका डेटा सेंटरमध्ये नव्याने लागलो आहे. २५ गिगाबिटचं कार्ड, २५ गिगाबिटचा स्विच, केबलही एसएफपी२८ ची पाच मीटरची. दोन्ही बाजूंना मॉड्यूल ओळखलं जातं, तरी जोडणी उठत नाही. १० गिगाबिटच्या केबलने मात्र लगेच उठते. कुठे पाहू?

उत्तर : एफईसी पाहा. फॉरवर्ड एरर करेक्शन, म्हणजे वाटेत बिघडलेले बिट पुन्हा न मागता जागच्या जागी दुरुस्त करण्याची सोय. १० गिगाबिटवर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट माहीत नसते, कारण तिथे रोजच्या कामात तिची गरज पडत नाही. २५ गिगाबिटला एका बिटच्या वाट्याला सुमारे ३९ पिकोसेकंद येतात. एवढ्या वेळात तांब्यातला संकेत सेंटिमीटरभरही पुढे सरकत नाही. पाच मीटर तारेत तो इतका मळकट होतो की दुरुस्तीशिवाय पलीकडे वाचता येत नाही.

इथे तीन पर्याय असतात : एफईसी नाही, हलकं फायरकोड आणि भक्कम आरएस, म्हणजे रीड-सॉलोमन. चांगल्या प्रतीची तीन मीटरपर्यंतची केबल दुरुस्तीशिवायही चालू शकते. पाच मीटरच्या केबलला आरएस लागतंच. २५ गिगाबिटच्या एसआर ऑप्टिकल मॉड्यूललाही मानकाप्रमाणे आरएस हवं. यात तडजोड नसते. एका बाजूला आरएस आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं असेल तर दोन्ही यंत्रं एकमेकांचं बोलणं ऐकतात, पण ते त्यांना वाचता येत नाही. पोर्ट खालीच राहतो आणि नोंदींमध्ये कारणही धड लिहिलेलं नसतं. लिनक्सवर ईथटूलने कार्डाचं एफईसी पाहता येतं, बदलताही येतं. स्विचवर पोर्टाच्या मांडणीत तेच नाव शोधा. दोन्हीकडे आरएस करा. तांब्याच्या केबलवर स्वयंवाटाघाटीची सोय असते आणि तिने हे आपोआप ठरायला हवं. पण २०१४ चं कंपन्यांच्या गटाचं तपशीलपत्रक आणि २०१६ चं आयट्रिपलईचं मानक यांत वाटाघाटीची पद्धत तंतोतंत एक नाही. जुना स्विच आणि नवं कार्ड एकत्र आले की ती फसू शकते. मग हाताने ठरवून दिलेलं बरं. आरएसमुळे काही शेकडो नॅनोसेकंदांचा उशीर वाढतो. शेअर बाजारात मायक्रोसेकंद मोजणाऱ्या मंडळींना तो खुपतो, आपल्याला नाही.

आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी ही पद्धत १९६० मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत मांडली. भाजीवाल्याच्या गाडीवरचा पावसाने फाटलेला क्यूआर कोडसुद्धा जो वाचला जातो, तो याच गणितावर.

एफईसी जुळूनही जोडणी उठली नाही, तर स्विचच्या शेजारच्या पोर्टांवर नजर टाका. कित्येक स्विचमध्ये २५ गिगाबिटचे पोर्ट चार-चारच्या गटाने बांधलेले असतात आणि गटातल्या सगळ्यांना एकच वेग लागतो. पहिल्या पोर्टावर कोणी १० गिगाबिटचा जुना सर्व्हर लावून ठेवला असेल, तर चौथा पोर्ट २५ वर यायला तयार होत नाही. १० च्या केबलने तुमची जोडणी लगेच उठते, त्यामागे हेही असू शकतं.

प्रश्न : दोन पोर्टचं १०० गिगाबिटचं कार्ड घेतलं. दोन्ही पोर्ट चालू आहेत, पण बेरीज १०० च्या पुढे जात नाही. फसवणूक झाली का? (ठाण्याहून)

उत्तर : कार्ड इंटेलचं ई८१०-सीक्यूडीए२ असेल तर नाही. त्याचे दोन्ही पोर्ट मिळून १०० गिगाबिट अशीच त्याची रचना आहे आणि तपशीलपत्रकात ते लिहिलेलं आहे. दुसरा पोर्ट राखीव वाटेसाठी. २०० हवे असतील तर त्याच घराण्यातलं ई८१०-२सीक्यूडीए२ वेगळं मिळतं आणि त्यासाठी स्लॉट आठ-आठ लेनमध्ये विभागून देणारा मदरबोर्ड लागतो.

कार्ड दुसरं असेल तर स्लॉट पाहा. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन म्हणजे वेष्टनासकट १२६ गिगाबिट. त्यात २०० मावायचे कसे? आणि मोजमाप आयपर्फ३ ने केलं असेल तर त्याची आवृत्ती बघा. ३.१६ च्या आधीच्या आवृत्त्या कितीही प्रवाह सांगितले तरी एकाच धाग्यावर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालतात. तो गाभा शंभर टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर तुम्ही कार्ड मोजलेलंच नाही, प्रोसेसर मोजलात.